रांगेतली बादली

५ एप्रिल १९९९, सोमवार

नववी बादली आणली! समोर नवी अपार्टमेंट उठतेय, तिथल्या रंगाऱ्यांनी फेकली होती. वीस लिटरची, पांढरी, झाकणासकट. पूर्वी रंग पत्र्याच्या डब्यात यायचा, वर्षात गंजून जायचा. हे प्लास्टिक माझ्यापेक्षा जास्त टिकणार. पाणी भरून ठेवलीय. दोन दिवसांत आतल्या रंगाची साल सुटते, एक टोक धरून ओढलं की अख्खी निघते. मजा येते.

हिचं काय करायचं, माहीत नाही. आठवीत नट-बोल्ट आहेत. सातवीत तांदूळ. सहावीला बुडाशी भोकं पाडून कढीपत्ता लावलाय. मनकर्णा असती तर म्हणाली असती, "हे घर आहे का कारखाना?" मला कारखाना उरला नाही ना गं आता. म्हणून तर.

सकाळी सहा चाळीसला दोन घरं पलीकडचा प्रताप कारखान्यात गेला. इस्त्रीचा खाकी शर्ट, हातात डबा. पहिली पाळी. माझ्या खिडकीकडे बघितलं नाही. कधीच बघत नाही. मी मात्र रोज बघतो. लाज नाही मला!

७ एप्रिल, बुधवार

टँकरचा दिवस. दिवसाआड येतो, अकराला, मागच्या मैदानात. बादल्या सकाळी आठपासूनच रांगेत. आमच्या गल्लीचा कायदा पक्का आहे — बादली रांगेत लावली की माणूस उभा आहे असंच धरायचं. पण नंबर आल्यावर माणूस हजर नसेल तर बादली उचलून बाजूला. मग बसा बोंबलत.

आज हॉर्न ऐकला आणि उठताना गुडघ्याने दगा दिला. भिंत धरून धरून मागच्या दारापर्यंत गेलो. दार उघडतो तर काय — माझी बादली दाराशी! काठोकाठ भरलेली. आसपास कुणी नाही.

समोरच्या सावित्रीबाईच असणार. दुसरं कोण आहे मला?

९ एप्रिल

आज मुद्दामच उशिरा गेलो. पुन्हा भरलेली! सावित्रीबाई दारात लसूण सोलत बसल्या होत्या. म्हटलं, "फार उपकार केलेत." त्या म्हणाल्या, "हौ हौ, राहू द्या," आणि आत गेल्या. बाई भली आहे. जरा लाजाळू.

नवव्या बादलीचं काय करायचं ते ठरलं. झाकणावर फोम, फोमवर मनकर्णाच्या जुन्या साडीचा तुकडा. बसायला स्टूल, आत लसूण-कांदे ठेवायला जागा. संध्याकाळी नेऊन दिलं. सावित्रीबाई म्हणाल्या, "अय्यो, कायकू एवढं?" पण घेतलं.

११ एप्रिल, रविवार

आज भरली नाही. बाजूला काढून ठेवलेली, कोरडी ठक्क. रविवारी बाई बहिणीकडे दिलसुखनगरला जातात वाटतं.

प्रज्ञेशचा बंगलोरहून फोन. "पप्पा, बादल्या पुरे करा आता. इकडे या ना." येऊन काय करू? त्याच्या घरात एक स्क्रू ढिला नाही.

१३ एप्रिल

भरलेली. शिवाय कडीला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली! ती तार बोटांना कापायची. पट्टी काय घट्ट आवळलीय! शेवटचं टोक आत ओवलंय, गाठ बाहेर दिसतच नाही. सावित्रीबाईंच्या हातात एवढी ताकद असेल असं वाटलं नव्हतं.

दहावी बादली त्यांच्यासाठीच. बुडाशी नळ बसवतोय. हात धुवायला बरी, पाणी वाया जात नाही.

१४ एप्रिल

बाबासाहेबांची जयंती. सकाळी विहारात जाऊन वंदना केली. घरी आलो तर घर गप्प. खीर करायला घेतली, बुडाला लागली.

दरवर्षी प्रताप यायचा. प्रतापराव पवार, बिदरकडचे पाटील! मशीन शॉपमध्ये माझ्या डब्यात पहिला हात घालणारा तोच. आम्ही रोज डबे बदलून खायचो. जयंतीला ओट्यापाशी येऊन मनकर्णाला म्हणायचा, "वहिनी, खरवड माझी!" आज पातेलंभर खरवड होती. सुट्टी होती, तो घरीच होता. मधे फक्त दोन घरं. गेलो नाही.

काय तोंड घेऊन जाणार? अठ्ठ्याण्णवच्या जानेवारीत सगळ्यांनी गेटच्या लोखंडाला हात लावून शपथ घेतली होती — कुणी व्हीआरएसच्या फॉर्मवर सही करायची नाही. आठव्या दिवशी मी केली. मनकर्णाचं ऑपरेशन होतं, त्या एकरकमी पैशांशिवाय दुसरा रस्ता नव्हता. प्रताप गेटवर उभा होता. "विकलास ना आम्हाला?" एवढंच म्हणाला. ऑगस्टमध्ये ती गेलीच. तो मैतीला आला, लांब उभा राहिला आणि तसाच निघून गेला.

पंधरा महिने झाले. एकाच गल्लीत राहतो.

१५ एप्रिल

भरलेली. नळाची बादली सावित्रीबाईंना दिली. त्यांनी कपाळाला हात लावला.

१७ एप्रिल

भरलेली. एक बादली कापून चाळणीसारखी भोकं पाडली — धुतलेले कपडे निथळायला. सावित्रीबाईंच्या दारात ठेवून आलो. त्या घरात होत्या, पण बाहेर आल्या नाहीत.

१९ एप्रिल, सोमवार

आज फटाका फुटला!

बादलीच्या झाकणाचं घड्याळ बनवून घेऊन गेलो होतो. सावित्रीबाई उंबऱ्यातच हात जोडून उभ्या. "नक्को हो तातेराव! घरात पाय ठेवायला जागा नाही. तुमची बादली मी एकदापण भरली नाही."

"मग कोण भरतं?"

"ते नाही सांगायची. मला शपथ घातलीय."

घड्याळ घेऊन परत आलो. इतका चमकलो की जेवणसुद्धा विसरलो. मग बादली समोर घेऊन बसलो. फिटर आहे मी, वस्तू बोलते. कडीवरची पट्टी बघितली. मी गुंडाळली असती तर फेरे एका बाजूला झुकले असते. हे दुसऱ्या बाजूला झुकलेत. सगळेच्या सगळे.

डावखुरा हात! टोक आत ओवायची ती पद्धत! अख्ख्या मशीन शॉपमध्ये असं गुंडाळणारा एकच होता. त्याचं टेबलसुद्धा उलटं मांडायचो आम्ही.

पण टँकर अकराला येतो. प्रताप तर पहिल्या पाळीला. तीनपर्यंत मशीनवर. मग अकराला इथे कसा?

२१ एप्रिल

साडेदहालाच जाऊन मैदानाच्या भिंतीआड उभा राहिलो. गुडघा ठणकत होता. ठणकू दे म्हटलं.

आला. मागच्या गल्लीने, खाकी शर्टात, डबा काखेत. माझा नंबर आला तेव्हा पुढे झाला, बादली डाव्या हाताने उचलली. थकलाय. केस पार पिकलेत. भर पाळीत, सकाळी अकरा वाजता, प्रताप माझ्या दाराशी पाणी ठेवत होता.

तो गेल्यावर सावित्रीबाईंना गाठलं. म्हटलं, मी डोळ्यांनी बघितलं, आता तुमची शपथ सुटली. मग त्यांनी सगळं सांगितलं. फेब्रुवारीत त्यानेही सही केली. घरी बोललाच नाही. रांगेत कुणी विचारलं तर म्हणतो, कारखान्याच्या कामाने बाहेर पडलोय. बायको चतुराबाई जामबागच्या शाळेत आया आहेत, त्या आठला जातात. हा रोज डबा घेऊन निघतो आणि स्टेशनच्या बाकावर बसतो. तीन वाजेपर्यंत!

२२ एप्रिल

मला म्हणाला, 'विकलास'! भर गेटवर, सगळ्यांसमोर! आणि स्वतः? गल्लीत एक शब्द टाकला तर संध्याकाळपर्यंत चतुराबाईंच्या कानावर जाईल. चप्पल घातली होती. खरंच घातली होती.

परत काढली.

स्टेशनवर बसून एकटा डबा खात असेल. बदलायला कोणी नाही. मीही इथे ताटात बघत जेवतो. ह्या भांडणात कोण जिंकलं?

सावित्रीबाई म्हणत होत्या, परवापासून शाळेला सुट्टी. चतुराबाई घरी राहणार, पाण्यालाही त्याच येणार. म्हणजे ह्याला गल्लीत फिरकता येणार नाही. आणि त्या बाकावर पत्र्याखाली, ह्या उन्हात? मरेल तो!

अकरावी बादली घासून काढली. माझी कारखान्याची खाकी पँट कापली — जपून ठेवली होती, कशाला कोण जाणे. तिचे खिसे बादलीला बाहेरून गोल शिवले. प्रत्येक खिशात एक हत्यार — पाने, पक्कड, कानस. सगळं उजवीकडून डावीकडे, त्याच्या टेबलासारखं उलटं.

२३ एप्रिल, शुक्रवार

ती बादली रांगेत लावली, माझ्या पाण्याच्या बादलीला खेटून. आत चिठ्ठी — "पहिली पाळी. मागचं दार. दोन मिक्सर आणि एक पंखा दुरुस्तीला आलेत, एकट्याने होत नाही. सही मीपण केली होती." घरी येऊन बसलो. बाहेर डोकावलो नाही.

साडेअकराला दार उघडलं. पाणी भरलेलं. हत्यारांची बादली कुठेच नाही.

२४ एप्रिल

सहा चाळीसला गेला. चतुराबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. सरळ पुढे गेला. मी दिवसभर मागचं दार उघडं ठेवलं. एक मांजर आलं.

२५ एप्रिल, रविवार

पाणी नाही. बादली कोरडी. रविवारच आहे म्हणून, की मी मूर्खासारखं त्याच्या लाजेवर बोट ठेवलं म्हणून? निदान एक भरलेली बादली तरी होती माझ्या नावाची. तीही घालवली. मनकर्णा, तू असतीस तर सांगितलं असतंस — चिठ्ठी लिहू नका.

तरी भिंतीत एक खिळा ठोकला. डबा अडकवायला.

२६ एप्रिल, सोमवार

सहा चाळीसला खिडकीसमोरून गेला, मान वळवली नाही. दहा मिनिटांनी मागचं दार वाजलं. उजव्या हातात डबा, डाव्या हातात हत्यारांची बादली — सावित्रीबाईंकडे लपवली होती म्हणे. डबा खिळ्याला अडकवला. "उशीर झाला," म्हणाला. मी म्हटलं, "अर्धा दिवस कापणार!"