धाकट्याचा हात

३ तारीख
आले बाई एकदाची! धक्क्याच्या टोकाला खोली आणि खोलीत माझा लेझर. दोन खाटांएवढी लांब काचेची नळी, आत गॅस. विजेचा दणका बसला की हिरवट-निळा झोत थेट समुद्राच्या पोटात. त्या चमकांतून खालच्या पाणबुड्याशी बोलायचं. हा पाणबुड्या म्हणजे माझा धाकटा भाऊ. लहानपणी एका ताटावरून भांडलो, आता एकाच कामावर. आई खूश आहे. त्याचा दोर सांभाळणारे काका मात्र उठसूट ओरडतात, डोळे जातील, काळ्या चष्म्याशिवाय नळी पेटवू नकोस.

५ तारीख
इथला नियम असा, की मी पाठवलेले शब्द धाकट्याने आधी जसेच्या तसे परत पाठवायचे, मग उत्तर द्यायचं. तो हातदिव्याने बोलतो. दोन चमका घाईघाईत, मग अडखळतो. शंभर जणांत त्याचा हात ओळखेन.

८ तारीख
झोत कमी पडत होता. गॅसचं मिश्रण बदललं, दाब वाढवला. आता तो धाकटा उतरतो त्याच्या दुप्पट खोल जातो. साहेबांनी पाठ थोपटली. काकांनी विचारलं, तिथं खाली आपलं आहे कोण? मी हसण्यावारी नेलं.

१० तारीख
दुपारी नुसतीच चाचणी घेतली. धाकटा माझ्या शेजारी चहा पीत होता. खालून माझेच शब्द परत आले. प्रतिबिंब असतं तर लगेच आलं असतं, हे पाव तासाने आलं. आणि हात धाकट्याचा.

११ तारीख
साहेबांना म्हटलं, उद्याची बुडी रद्द करा. ते म्हणाले, यंत्रात दोष असेल, शोधा. धाकट्याने थट्टा केली, की ताई स्वतःच्याच दिव्याला घाबरते. मला खरंच भीती वाटतेय.

१२, सकाळ
उतरला. दहाच मिनिटांत दोराला झटके. मी ओरडले, दोर वर घ्या, काका! आला. जीव भांड्यात पडला.
म्हटलं, घाबरवलंस मला. तो म्हणाला, घाबरवलंस मला. चहा घेणार का, विचारलं. चहा घेणार का, म्हणाला. नेहमीची थट्टा —
नाही. थट्टा करताना त्याला हसू आवरत नाही. नळी पेटली, त्याला चष्मा नव्हता. पापणीसुद्धा हलली नाही.

१२, जरा वेळाने
तो बाहेर काकांजवळ जाऊन बसलाय. लेझर बंद. खालून चमका — "ताई, झोपलीस काय? दोर कुणी नेला? हवा वीसच मिनिटांची उरलीय."
हे शब्द मी कधीच पाठवलेले नाहीत. खाली माझा भाऊ आहे. मग वर —
खिडकीतून ओरडले. काकांनी दोर परत टाकला. लेझर चालू केला, कळवलं. चमका याच वहीत उतरवतेय.
"दोर टाकलाय. दिसला. येतो."
हवा आता चौदा मिनिटांची —
बाहेर काकांजवळून माझा आवाज. दोर वर घ्या, काका. मी तोंडही उघडलेलं नाही —
काका ओढताहेत. पाठमोरे. नळीच्या कडकडाटात माझं ऐकूच जात नाही — बंद करते — नको, चमका —
"ताई, आत्ता कुठे दोराला हात लागला होता. वर का ओढ