कागदावरचे खलाशी

१४ नोव्हेंबर १९७८, मंगळवार. सकाळी पाणी भरलं. नऊच्या गाडीने खोपोलीला जाऊन चष्म्याची काडी बसवून घेतली. शिळफाट्यावर एका कारखान्याचं यंत्र ट्रकवरून उतरवत होते, ते बघत उभा राहिलो. दीड वाजता घरी आलो.

बा,

तू मला आयुष्यात एकदाच मारलंस, आणि ते एका चुकीसाठी, असं तू समजत होतास. त्या चुकीबद्दल मला तुला सांगायचं आहे. तुला जाऊन एकोणतीस वर्षं झाली. एवढी वर्षं मी गप्प बसलो, पुढेही बसलो असतो, पण आज शिळफाट्यावर ते यंत्र उतरवणारे खलाशी होते. तीच लाकडी तिवई, तीच चेनकप्पी, तोच तारेचा दोर. मी नकळत पुढे गेलो असेन, कारण त्यांचा मुकादम ओरडला, "ओ आजोबा, बोजाखाली कुठं येताव? बायकोनं घरातनं हाकललंय काय?" सगळे हसले. मी मागे सरलो. मग तासभर त्याच्या हातांकडे बघत राहिलो. त्याची दहाही बोटं सरळ होती.

तुला मी 'तू' असंच लिहितो. आपल्याकडे बापाला तूच म्हणतात. इंग्रजी शाळेत जायला लागल्यावर मी एकदा तुला 'अहो' म्हणालो होतो, तेव्हा तू भाकरी खाली ठेवून आईला म्हणालास, "बघ गं, दारात कोन सायब आलाय काय."

खलाशी म्हटलं की बाहेरच्या माणसाला जहाज आठवतं. आपल्याकडे खलाशी म्हणजे बोजा उचलणारा. घाटात गर्डर चढवायचा असो की खोपोलीला लोखंडी नळ बसवायचा असो, लोक म्हणायचे, कर्जतचे खलाशी बोलवा. तू ठेकेदाराच्या त्या टोळीचा मुकादम होतास आणि मी हजेरी लिहीत असे. टोळीतल्या एकानेही समुद्र पाहिलेला नव्हता. तूही नाही, मीही नाही.

जर्मनची लढाई संपली त्या हिवाळ्यात समुद्रकाठच्या एका कोळीवाड्यात जाळ्यातून ब्राँझचा एक हात वर आला. खाली खडकांत आणखी पुतळे आहेत असं कळलं. फार जुने, कुठल्या तरी बुडालेल्या गलबतातले. ते काढण्यासाठी मुंबईच्या एका साहेबाने आपल्या ठेकेदाराला इंग्रजीत कागद पाठवला. ठेकेदार पुण्याला होता, म्हणून कागद तुझ्याकडे आला आणि तुझ्याकडून माझ्याकडे. मी तेवीस वर्षांचा होतो. तू अंगणात दोर तपासत बसला होतास, वर न बघता म्हणालास, "काय लिवलंय?"

"पाण्यातून जुने पुतळे काढायचे आहेत. खलाशी आहेत का, विचारलंय."

"मंग हायेत की. लिव, हायेत."

तुम्ही मागता तसे खलाशी आमच्याकडे आहेत, असं मी लिहिलं. खाली तू अंगठा उठवलास.

ट्रकने निघालो तो दिवस मला चांगला आठवतो. शिळफाट्यावर चहाला थांबलो आहोत. पळसदरीच्या वरच्या वाडीतला तुझा ठाकर, टोळीतला सर्वांत हलका आणि सर्वांत धीट माणूस, बशीतला चहा फुंकत मला विचारतो आहे, "मास्तर, समुद्र केवढा असतो?"

"पळसदरीच्या तलावासारखा. फक्त पलीकडचा काठ नसतो."

"काठ नाय तं पानी सांडत कसं नाय?"

"तू जाऊन बूच लाव," तू म्हणालास, आणि सगळी टोळी हसली. तिथून ट्रक पेणच्या रस्त्याला वळला. ठाकर टपावर बसून मोठ्याने गात होता. त्याला सोडचिठ्ठी देऊन गेलेली पहिली बायको त्या बाजूला राहते, तिला ऐकू जाऊ दे, असं तो म्हणाला.

पहिले दोन दिवस नीट गेले. कोळी बुडी मारून दोर बांधायचे, आपण वर ओढायचो. दोन होड्या जोडून त्यांच्यावर तिवई उभी केली होती. तुला ते पटलं नव्हतं. "पाय हालत्या तिवईला बोजा लावायचा नसतो," असं तू साहेबाला म्हणालास. साहेब म्हणाला, तुम्ही लिहून दिलं आहे. तू माझ्याकडे बघितलंस. मी म्हणालो, करायला पाहिजे, बा. दुसऱ्या दिवशी एक बाईचा पुतळा आला, हिरवा पडलेला, शिंपल्यांनी भरलेला. कोळणींनी तिला हळदकुंकू लावलं आणि साहेबाने ओरडून ते धुवायला लावलं. तू तिच्या खांद्यावर हात ठेवून मला म्हणालास, "हिनं बोजा वाहिलेला हाय. खांदा बघ." त्या जुन्या पुतळ्यांबद्दल तेवढं नीट दुसरं कोणी बोललेलं मी ऐकलं नाही.

तिसऱ्या दिवशी सर्वांत मोठा पुतळा काढायचा होता. पुरुषभर उंच, एक हात पुढे केलेला, तो हात खडकाच्या फटीत अडकलेला. दोन वेळा ओढून तो सुटला नाही. होडीवरचा तांडेल म्हणाला, "भरती लागली. आता काम बंद करा." साहेब आणखी अर्ध्या तासाची मुदत मागत होता. तांडेल तुझ्याकडे वळून म्हणाला, "तुमी खलाशी ना रं? मंग भरती कलत नाय? का नुसत्या कागदावं खलाशी?" त्याचे लोक हसले. तुझा चेहरा कसा झाला ते मी पाहिलं. त्या वेळी मी बोलू शकलो असतो. पाणी अजून होडीच्या खाली शांत दिसत होतं.

कोळ्यांनी बुडी मारायला नकार दिला, तेव्हा ठाकर म्हणाला, "मी जातो, दादा. आमच्या डोहाहून काय जास्ती असंल?" पहार घेऊन तो उतरला. जमिनीवर बोजा लटकला की लटकलेला राहतो. समुद्रात तसं नाही, हे आपल्यापैकी कोणाला माहीत असणार? लाट आली, दोन्ही होड्या वर गेल्या, त्यांच्याबरोबर तो पुतळा तळावरून उचलला गेला, हात मात्र फटीतच राहिला, आणि लाट उतरली तसा पूर्ण वजनाने खाली बसला. साखळी एकदम ढिली पडली. तू ओरडलास, "बोजा बसला! मानूस खाली हाय!" आणि कपड्यांसकट पाण्यात उडी टाकलीस. तुला धड पोहता येत नव्हतं. वर आलास तेव्हा तुझ्या तोंडाभोवतीचं पाणी लाल होतं. ते रक्त तुझं नव्हतं.

"ओढा! हात मोडला तरी चालंल, ओढा!"

आम्ही साखळीला लटकलो. साहेबाने पुढे येऊन दोन्ही हातांनी साखळी धरली. "थांबा! पुतळ्याचा हात जाईल! हजार वर्षं झाली त्याला!" तू होडीत चढलास. त्याच्या तोंडावर ठोसा मारलास. दुसरा मारलास. तो पडला तरी साखळी सोडेना, तेव्हा त्याच्या बोटांवर पाय देऊन ती सोडवलीस. मी तुला कोणावर हात टाकताना तोवर पाहिलं नव्हतं. आम्ही ओढलं. खाली काहीतरी बंदुकीसारखं वाजलं, ते पाण्यातून पायाला जाणवलं. पुतळा वर आला, एक हात कोपरापासून तुटलेला. मग ठाकर वर आला. त्याची छाती एका बाजूने आत गेली होती. कानांतून, नाकातून रक्त येत होतं आणि तो जिवंत होता.

परतीच्या ट्रकमध्ये त्याचं डोकं तुझ्या मांडीवर होतं. प्रत्येक खड्ड्याला त्याच्या तोंडातून फेस यायचा आणि तू तो धोतराने पुसायचास. पेण ओलांडल्यावर तो "थंडी वाजतंय" म्हणाला. तू सदरा काढून त्याच्यावर घातलास. शिळफाट्याच्या अलीकडे तो गेला. तू ट्रक थांबवू दिला नाहीस. वाडीवर त्याची बायको पुढे आली, तिने तुझ्या तोंडात मारली, एकदा, मग परत, मग मोजता येणार नाही इतक्या वेळा. "पान्यात का नेलास? डोंगरातला मानूस पान्यात का नेलास?" तू खाली हात सोडून उभा होतास. मी तुझ्या मागे उभा होतो.

दुसऱ्या दिवशी शिपाई तुला घेऊन गेले. चार दिवसांनी परत आलास तेव्हा तुझ्या उजव्या हाताची तीन बोटं मोडलेली होती. त्यांनी हात पायरीवर ठेवायला लावून वर दंडुक्याने मारलं होतं, ज्या हाताने साहेबाला मारलं तो हात. ती बोटं पुढे कधी मिटली नाहीत. दोर धरता येईना, मुकादमी गेली.

मग चौकशी झाली. एका गोऱ्या तोंडाच्या कारकुनाने साहेबाच्या कागदाची नक्कल माझ्यापुढे धरली. त्या इंग्रजी कागदात खलाशी हा आपला शब्द तसाच लिहिला होता आणि त्याच्या पुढे कंसात त्याचा इंग्रजी अर्थ होता. सेलर. "हा शब्द वाचला नाहीस?"

मी म्हणालो, "वाचला, पण अर्थ कळला नाही. खलाशी म्हणजे आमचेच खलाशी, असं मला वाटलं."

"अर्धवट शिकलेला," तो शेजारच्याला म्हणाला आणि हसला. तू पुढे झालास. "त्याला काय इचारताव? मीच सांगितलं लिवायला. अंगठा माझा हाय."

घरी आल्यावर तू अंगणात मला बैलासारखं खांबाशी उभं केलंस आणि दोराच्या टोकाने मारलंस. डाव्या हाताने. दुपारचं ऊन होतं, शेजारी कुडाबाहेर उभे होते. प्रत्येक तडाख्याला तेच वाक्य. "नाय कळलं तं नाय कळलं म्हनायचं! नाय कळलं तं इचारायचं!" माझ्या पाठीची साल निघाली. आई तुझ्या हाताला लोंबकळली, "मरंल तो!" तू म्हणालास, "एक मेलाच हाय." मी ओरडलो नाही. मग दोर तुझ्याच हातातून पडला. तू खाली बसलास, मोडलेला हात मांडीत धरून, आणि मला म्हणालास, "तुझी काय चूक? मी शिकलो असतो तं मीच वाचला असता." त्यानंतर तीन वर्षं जगलास, त्या दिवसाबद्दल कधी बोलला नाहीस. पावसाळ्यात माझी पाठ दुखायची, तेव्हा न सांगता तेल गरम करून आणायचास.

ते तेल मला दोराहून जास्त लागायचं. तू मरताना मी जवळ होतो. तेव्हा सांगता आलं असतं. तू पाणी मागितलंस, मी पाणी दिलं.

बा, तो शब्द मला कळला होता. शाळेच्या पुस्तकात होता, शेजारी चित्र होतं, गोल टोपी घातलेला माणूस. तू अंगठा उठवत होतास तेव्हाही मला तो कळलेला होता. मला समुद्र बघायचा होता. दुसरं काही कारण नव्हतं. आणि बघितला तेव्हा, पहिल्या दिवशी, ट्रकवरून, मला फार आनंद झाला होता.

हे कुठे पाठवायचं नाही. अंगणात तांदूळ उन्हात टाकलेत, त्यांत शेजारची कोंबडी शिरली आहे. तिला हाकललं. विखुरलेले दाणे मातीतून एकेक वेचून परत चटईवर टाकले.