जेवणाच्या टेबलावरचा नेपोलियन

झेन्सव्हिल, ओहायो
सोमवार, ८ नोव्हेंबर १९७६

लेलंड भावोजी,

तुम्ही बरे आहात असं धरून चालते, विचारत बसायला मला सवड नाही. ऑरिन गेल्याचा फोन सव्वीस ऑक्टोबरच्या मंगळवारी मीच केला होता. शुक्रवारी माती द्यायला तुम्ही आला नाहीत. फूल नाही, कार्ड नाही, सख्ख्या पुतणीला, जोलीनला, एक ओळ नाही. आणि मग पाकीट आलं ते कोणाच्या नावाने, तर ऑरिनच्या. मेलेल्या माणसाच्या नावाने. आत काय, तर तुमच्या त्या टपालाने चाललेल्या लढाईच्या खेळाचा डाव. "तुझा शुक्रवारचा हल्ला फत्ते. मी मागे हटलो. ब्रसेल्सचा रस्ता तुझा. तू जिंकलास, डाव संपला." आणि सही. याला लाज आहे की नाही, असं मी दारातच मोठ्याने म्हणाले. पोस्टमन म्हणाला, "बाई, मी फक्त टपाल वाटतो."

पाकीट शेगडीत टाकणार होते. टाकलं नाही. का ते विचारू नका.

सासूबाईंचं दुखणं कोणी काढलं आणि कोणी नाही, यावरून तुम्ही दोघं भाऊ चर्चच्या पायऱ्यांवर जे बोललात ते सगळ्या गावाने ऐकलं. तेव्हापासून अबोला. मग वर्षभराने तुमचं पाकीट आलं, त्यात ना खुशाली ना काही, नुसती पहिली चाल. ऑरिनने कोलंबसला जाऊन त्या खेळाचा तसाच खोका आणला. तेव्हापासून आमच्या जेवणाच्या टेबलावर नेपोलियन बसलाय आणि आम्ही स्वयंपाकघरात जेवतो. आता मी जेवते. शेजारणींनी आणून दिलेलं नूडल-चीज, मोरीपाशी उभ्याउभ्या.

इतकी वर्षं मी त्या टेबलावरची नुसती धूळ पुसायचे, तीही कडेकडेची. परवा पहिल्यांदा खुर्ची ओढून बसले. खरं सांगू, मला वाटलं होतं शिपाई असतील, घोडे असतील, तोफा असतील. कसलं काय. शेतं-रस्ते-जंगलांचा एक नकाशा, त्यावर कोंबड्यांच्या खुराड्याच्या जाळीसारखी सहा कोनांची घरं, आणि नखाएवढे पुठ्ठ्याचे चौकोन. निळे ऑरिनचे, लाल तुमचे. त्यांवर बंद पाकिटाच्या मागच्या बाजूसारखी खूण आणि दोन आकडे. ती खूण म्हणजे पायदळ, म्हणे. एवढ्याशा तुकड्यात हजारो माणसं. माझ्या बोटांना ते उचलता येईनात. मग शेजारी चिमटा सापडला. माझा भुवयांचा चिमटा. तो हरवला म्हणून मी जोलीनला किती बोलले होते.

नियमांचं पुस्तक बायबलपेक्षा बारीक अक्षरात आहे. सहावीत शाळा सुटली माझी, बोट ठेवून वाचलं, अर्धं डोक्यावरून गेलं. एक मात्र लगेच कळलं. शत्रू शेजारच्या घरात असला की पुढे सरकता येत नाही, तिथेच थांबावं लागतं. तुमच्या घरात सून म्हणून आले तेव्हापासून हा नियम मला पाठ आहे.

एकदा मी ऑरिनला विचारलं होतं, नेपोलियन हरतो हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे, मग खेळायचं काय त्यात. तो नुसता हसला आणि पेपर घेऊन बसला. फासे तर खोक्यात प्लास्टिकमध्ये बांधलेले तसेच आहेत. टपालाने खेळताना कोणाच्या हातचा फासा कोण मानणार? म्हणून हल्ला करणाऱ्याने आधीच दिवस ठरवायचा आणि एका रेल्वे कंपनीचं नाव लिहायचं. त्या दिवशी तिचे किती शेअर विकले गेले ते दुसऱ्या दिवशी पेपरात बघायचं. त्यातला शेवटचा आकडा म्हणजे फासा; तो शून्य किंवा सहाच्या वर असला तर त्याच्या आधीचा. आकडा तुमच्या पेपरातही तोच, आमच्या पेपरातही तोच. ऑरिन म्हणायचा, "आईच्या बाबतीत लेलंड नालायक निघाला. पण आकडा तो कधी खोटा सांगायचा नाही."

त्या मंगळवारी सकाळी त्याने पाकीट दाराबाहेरच्या टपालपेटीत टाकलं, पोस्टमनने ते न्यावं म्हणून पेटीचा लाल झेंडा वर केला आणि गॅरेजमध्ये गेला. पुढचं फोनवर सांगितलंय, परत लिहीत नाही.

म्हणजे फोन तुम्हाला आधी आला आणि त्याचं पत्र मागून. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. काल बसल्या बसल्या आलं.

त्याच्या पत्राची कार्बन प्रत टेबलावर होती. हल्ल्याचा दिवस शुक्रवार. पाच किंवा सहा आला तर तुमचे लाल मागे, नाहीतर त्याची तुकडी मागे. पेपर मी इतके दिवस उघडलेलेच नव्हते, व्हरांड्यात रबर लावलेले तसेच पडले होते. त्यातून शनिवारचा काढला. शेअरचं पान, ती कंपनी, शेवटचा आकडा. दोन.

चष्मा पुसून पाहिला. दोनच.

तुम्ही खोटं लिहिलंत, भावोजी. सगळ्या खेळात पहिल्यांदा. आम्ही त्याला माती देऊन आलो, आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही तिकडे नेब्रास्कात पेपर उघडून त्याचा आकडा शोधला. तो वाईट निघाला, म्हणून बदललात.

राग आला म्हणावं तर तोही येत नाहीये. काहीच येत नाही. बाया म्हणतात, रड नेटी, मोकळं वाटेल. मी त्यांचे डबे धुऊन परत करते.

पण हे चालायचं नाही. दया म्हणून दिलेली लढाई ऑरिनने घेतली नसती. आणि डाव संपला म्हटलं की मला खोका बंद करावा लागेल. म्हणून तुमचे लाल मी होते तिथे परत ठेवले. त्याची निळी तुकडी एक घर मागे घेतली. ती तिथे त्याने ठेवली होती. तिला चिमटा लावायला मला सबंध दुपार लागली.

आता चाल तुमची. माझं काही चुकलं असेल तर सांगा, पण मला जिंकवायला जाऊ नका.

जोलीनला थँक्सगिव्हिंगच्या टर्कीसाठी टेबल रिकामं हवंय. मी अजून हो म्हटलेलं नाही. तेव्हा शनिवारी, वीस तारखेच्या टपालात मला उत्तर हवं. दोन पाहिला होता की नाही, आणि पुढची चाल कुठली. उत्तर आलं नाही तर तो नकाशा गुंडाळून मी बसने तुमच्या दारात येईन. मला बस लागते, आणि तुमचं ओमाहा लांब आहे. वीस तारीख.

अजूनही तुमची वहिनी,
नेटी