कोमट फाटा

४ नोव्हेंबर
पोहोचले एकदाची. बसथांब्यापासून चिखलातून बॅग ओढत आणली, पण खोली बघितली आणि शीण गेला. खिडकीखालीच ओढा. टेबल, तराजू, पानं वाळवायची भट्टी आणि दार धड न लागणारं कपाट. एकटीच्या संसाराला आणखी काय लागतं?

संशोधन केंद्र चालवणाऱ्या सरांनी लगेच काम समजावलं. मोठ्या खडकापाशी ओढ्याचे दोन फाटे होतात. एक आहे तसा थंड ठेवायचा, दुसऱ्याचं पाणी विजेच्या नळ्यांनी जरासं तापवायचं. दोन्हीकडे गळलेली पानं जाळीच्या पिशव्यांत बांधून बुडवायची आणि कुठली लवकर कुजतात ते वजनावरून ठरवायचं. हवा अशीच तापत गेली तर रानातल्या ओढ्यांचं काय होईल, ते त्यातून कळेल.

ताईला फोनवर सांगितलं, तर म्हणाली, "एवढं शिकून तू पालापाचोळा भिजत घालणार?"

११ नोव्हेंबर
थंड फाट्यातली पानं अजून कडक. कोमट फाट्यातली मऊ पडलीत, जुन्या फडक्यासारखी. अपेक्षितच होतं. कोमट पाण्यात बुरशीची आणि जंतूंची भूक वाढते, पान मऊ झालं की बारीक किडे ताव मारतात. सर खूश आहेत.

कोमट फाट्यातल्या पिशव्या बदलताना हात पाण्याबाहेर काढवेना. थंडीचे दिवस, दुसरं काय.

१९ नोव्हेंबर
आज जीव थाऱ्यावर नाही. कोमट फाट्यातल्या पानांच्या नुसत्या शिरा उरल्यात. इतक्यात हे व्हायला नको. भिंग लावून किडे शोधले, एकही नाही. सर म्हणाले, पिशवी फाटली असेल. उजेडात धरून पाहिली, धड होती.

माझा चामड्याचा हातमोजा काल त्याच पाण्यात पडला होता. आज फक्त शिवणीचा दोरा हाती लागला.

२२ नोव्हेंबर
ताई आली. भाऊजींशी वाजलं असणार. विचारलं तर विषय बदलते. मी भट्टी लावत होते तेवढ्यात ही कोमट फाट्यात पाय सोडून बसली. धावत जाऊन ओढून काढलं, तर माझ्यावरच चिडली. म्हणाली, "जरा बरं वाटत होतं, तेही बघवत नाही तुला."

टाचांच्या भेगा गेल्यात. तळवे तान्ह्या बाळासारखे. तिला आनंद झाला. मला जेवण गेलं नाही.

२३ नोव्हेंबर
माझी पाठ वळताच ताई पुन्हा जाऊन बसली. तळव्याला चिमटा काढला, तिला कळलाच नाही. कातडीखालच्या शिरा दिसतात. सगळ्या. पानाच्या दिसतात तशा.

सरांना सांगून नळ्या बंद करवल्या.

२४ नोव्हेंबर, सकाळ
नळ्या बंद आहेत. वायरही काढून ठेवली. पाणी कोमटच, कालच्यापेक्षा जास्त. थंड फाट्यात काठी बुडवून काढली आणि चाचपली —
तोही कोमट.

ताई अंथरुणात नव्हती. कमरेपर्यंत पाण्यात होती. काखेत हात घालून ओढली. सरांनी गाडीत बसवायला उचललं, तर त्यांच्या बोटांखाली कातडी — लिहवत नाही. ते डॉक्टर आणि स्ट्रेचर आणायला गेलेत. मी दार लावून तिच्याजवळ बसलेय.

दुपार
गाडी अजून नाही. ताई दाराकडे सरपटते. मी आडवी बसलेय. पाण्यात काही दुखत नाही म्हणते, बाहेरच आग होते.

मीही कोपरांपर्यंत भिजले होते. पेन बोटांत दिसतं. जाणवत नाही.

ताई म्हणते, "चल, दोघी जाऊ. लहानपणी जायचो तशा." आवाज अगदी तिचा. थकलेला, समजूतदार. मी नाही म्हटलं. पुन्हा नाही म्हटलं —

आग होतेय हातांची. दार मी उघडलं? कडी तर मीच —

ताई पुढे गेली. तिला आणायलाच जातेय. हात थोडे बुडवते, जरासेच, मग तिला धरून लगेच प