रोलमधला छत्तिसावा फोटो

मी, यज्ञेश्वर नारायण पांढरीपांडे, वय वर्षे चौसष्ट, धंदा फोटोग्राफी, राहणार बोरी अरब, तालुका दारव्हा, जिल्हा यवतमाळ, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाखाली न येता, चहा पिऊन, चष्मा लावून, स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. डॉक्टरांच्या मते माझे हृदय निम्मेच काम करते, डोके मात्र पूर्ण चालते. डोक्याबाबत पत्नी सुमेधाचे मत वेगळे आहे आणि ते तिने पस्तीस वर्षे बदललेले नाही.

१. राहते घर व बँकेतील ठेव सुमेधाची, एकटीची. तिच्या पश्चात घर मुलगा साकेत व मुलगी अनघा यांना निम्मे-निम्मे. भांडायचे असेल तर आई असताना भांडून घ्यावे, म्हणजे निकाल तरी लागेल.

२. मोठा कॅमेरा, तिपाई व दिवे अनघाला. ती दर रविवारी कळंबहून एसटीने येऊन माझ्या गोळ्या लावून देते. साकेत दिवाळीला पुण्याहून येतो आणि माझ्या फोटोंतल्या चुका दाखवतो. त्याच्याकडे डिजिटल कॅमेरा आहे, त्याला रोल संपण्याची धास्ती नाही. रोलमुळे माणूस विचार करून बटण दाबतो, असे मी त्याला ऐकवत असे. आता ऐकवत नाही. कारण चौथ्या कलमात येईल.

३. पेटीतले पुठ्ठ्यावर चिकटवलेले तीन फोटो आमच्या छायाचित्र मंडळाच्या परीक्षकांना परत करावेत. त्यांचे नाव लिहून मी हा कागद खराब करणार नाही. तीन वर्षे लागोपाठ स्पर्धेत पाठवलेले हे फोटो मागे लाल पेन्सिलीचा एकच शेरा घेऊन परत आले: "विषय मधोमध. बाद." चौकटीचे तीन भाग करावेत, माणूस मध्यावर न ठेवता तिसऱ्या हिश्शावर ठेवावा, हात मनगटात कापू नये, हे सगळे मला पाठ आहे. नियम खोटेही नाहीत. एसटीची वाट पाहणारी म्हातारी एका कडेला घेतली की रस्ता खरोखर लांब दिसतो. पण आमचे गिऱ्हाईक फोटोला मधोमधच उभे राहते. धुतलेले कपडे, हात सरळ, नजर समोर. जोडी कडेला घेतली तर मुलीचा मामा दुकानात येऊन जाब विचारतो. परीक्षकांना मामा नसावा. मला या माणसाचा अजून संताप येतो, आणि त्याहून जास्त स्वतःचा, कारण चौथ्या वर्षी मी त्याचे ऐकले.

४. डिसेंबर २००४, आठवडी बाजाराचा दिवस. कापसाच्या गाड्या खरेदी केंद्रासमोर तीन दिवसांपासून उभ्या होत्या, माप होत नव्हते. त्यांत तांड्यावरचा देवसिंग आडे आणि त्याची बायको मानीबाई होती. मला पाहून देवसिंग म्हणाला, "भाऊ, आमचा एक जोडीचा फोटो काढा ना. लग्नातही नाही काढला."

छत्तीस फोटोंच्या रोलमध्ये एकच उरला होता. दोघे गाडीपुढे मधोमध उभे राहिले, ताठ. तिरपे ऊन, मागे पांढराशुभ्र कापूस, आणि मला दिसली ती लाल पेन्सिल. मी म्हटले, "देवसिंग, जरा बाजूला हो. अजून. अजून थोडा." तो हसत हसत सरकत गेला.

"मी दिसतो ना, भाऊ?"

"दिसतोस," मी म्हणालो आणि बटण दाबले.

तो दिसत नव्हता. फोटोत मानीबाई उजव्या हिश्शावर, बाकी सगळा कापूस आणि आभाळ, आणि डाव्या कडेला गाडीच्या जुवावर ठेवलेला एका पुरुषाचा हात. तेवढाच. तिथेच मी त्यांना म्हटले, रोल संपला, पुढच्या बाजारी या, जोडीचा काढून देतो. तो फोटो मी स्पर्धेला पाठवला आणि पुढे त्याला पहिले बक्षीस मिळाले. परीक्षकांनी लिहिले, "रिकामी जागा बोलते."

पुढचा बाजार यायच्या आत दारव्हा रस्त्यावर ट्रकने देवसिंगच्या गाडीला मागून धडक दिली. तो जागीच गेला. तेरवीनंतर दोनेक महिन्यांनी मानीबाई तांड्याचे नाईक खेमसिंग यांना घेऊन दुकानात आली. घरात देवसिंगचा एकही फोटो नव्हता, मतदान कार्डावर नुसता काळा डाग होता. "त्या दिवशीचा फोटो द्या, भाऊ. त्याचं तोंड मोठं करून द्या."

मी सांगितले, रोल खराब झाला.

बक्षिसाची ढाल तिच्या डोक्यावरच्या फळीवर होती. तिला वाचता येत नाही, याचा मला तेव्हा आधार वाटला. हे मी कालपर्यंत कोणाला सांगितले नव्हते, सुमेधालाही नाही.

५. या जागी आधी असे लिहिले होते की, सदर फोटोची निगेटिव्ह माझ्या चितेत टाकावी. साकेतला तो फोटो कापसावरच्या कुठल्याशा पुस्तकाच्या मुखपृष्ठावर हवा आहे, आणि मला ते सोसणारे नव्हते. ते कलम रद्द करत आहे. कारण काल मी मानीबाईला घरी बोलावून फोटो तिच्या हातात दिला आणि सगळे खरे सांगितले. सुमेधा दारात उभी होती.

"तुम्ही तं म्हणलं होतं, रोल खराब झाला."

"खोटं बोललो."

"काहून?"

विचारून ती फोटोच पाहू लागली, पण स्वतःकडे नाही. मग फोटोच्या डाव्या कडेवर बोट ठेवून म्हणाली, "हे वाकडी करंगळी त्याचीच हाये. बैलानं मोडली होती." मी म्हटले, ही निगेटिव्ह मी जाळून टाकणार आहे. तशी ती भडकली. "जाळता कायले? तोंड नाही तं नाही. हा हात मोठा करून द्या. भिंतीले लावीन."

माझ्या तोंडून निघून गेले की हात मनगटात कापलेला आहे, असा फोटो करत नसतात.

"तुमचे नियम तुमच्यापाशी ठेवा, भाऊ. हार कुठं घालाचा थे मी पाहीन."

६. सबब, ती निगेटिव्ह व त्या फोटोचे सर्व हक्क श्रीमती मानीबाई देवसिंग आडे यांचे. साकेतला पुस्तकासाठी फोटो हवा असेल तर त्याने तांड्यावर जाऊन विचारावे, फोनवर नाही. ती नाही म्हणाली तर नाही. ढाल तिला दाखवली, तिने घेतली नाही. भंगारात द्यावी.

७. माझी बोटे आता थरथरतात, अंधाऱ्या खोलीतले काम होत नाही. म्हणून साकेतला माझ्या मिळकतीतून काहीही मिळण्यापूर्वी त्याने तो हात स्वतः मोठा करून मानीबाईला द्यावा. आकार बारा बाय पंधरा इंच, चौकट सागवानी. हात मधोमध घ्यावा. करंगळी स्पष्ट यावी. भोवती रिकामी जागा अजिबात सोडू नये.

हे मृत्युपत्र अमलात आणण्याचे काम अनघाकडे. वरील मजकूर मी दोन्ही साक्षीदारांना मोठ्याने वाचून दाखवला. चौथे कलम वाचताना खेमसिंग उठून बाहेर गेले. थोड्या वेळाने परत आले आणि त्यांनी सही केली.

सही: यज्ञेश्वर नारायण पांढरीपांडे

साक्षीदार:
१. खेमसिंग राठोड, नाईक
२. फकिरा ढोके, शेजारी

ठिकाण: बोरी अरब
दिनांक: १४ मे २००७