तिसऱ्या खांबाचं पाणी

प्रिय आर्नी,

फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र तुझ्या दाराखालून सरकवतेय. तुझ्यावर रागावलेली नाही. वाचून तूच माझ्यावर भडकशील.

आज पुलाच्या कामावर मी काँक्रीटची एक गाडी परत पाठवली. माल किती घट्ट आहे ते पाहायला चाचणीच्या शंकूत तीन थर भरले, प्रत्येक थराला सळईचे पंचवीस टोचे मारले, शंकू सरळ वर उचलला, आणि काँक्रीट शेणाच्या पोसारखं बसलं. चार इंच खचायला हवं, तर आठ खचलं! पाणी जास्त, म्हणजे सुकल्यावर कच्चं, दुसरं काय. मुकादम ड्वेन सगळ्यांदेखत ओरडला, "काय गं मार्लिस, गाडीवर तुझा भाऊ असता तरी पाठवली असतीस का परत?" सगळे हसले, मीही हसले. मग गाडीआड जाऊन रडले.

जूनमध्ये शहराच्या नव्या पोहण्याच्या तलावाच्या इमारतीत, तलावाखालचा तिसरा खांब तुझ्याच गाडीच्या मालाने भरला. मी माल तपासला तेव्हा बरोबर चार इंच खचला. त्याच मालाने चाचणीचे सिलिंडरही भरून ठेवले. मी शंकू धूत होते, तेवढ्यात माणसं कुरकुरली, "फार घट्ट आहे रे, जरा सैल कर की!" आणि तू गाडीच्या ड्रममध्ये पाणी सोडलंस. वर मला डोळा मारलास. पुन्हा चाचणी घेणं माझं काम होतं. पण तुझ्या दोन गाड्या आधीच परत गेल्या होत्या, तिसरीला नोकरी गेली असती. मी मान फिरवली.

अठ्ठावीस दिवसांनी प्रयोगशाळेत ते सिलिंडर मजबुती बघायला यंत्रात दाबले, झोकात पास झाले. होणारच. ते पाण्याआधीचे होते! कागदावर तो खांब ठणठणीत आहे, आणि खरं काय ते फक्त आपल्या दोघांना ठाऊक.

सोमवारी वरचा तलाव भरणार आहेत. आईने पोहायला पहिल्या दिवसासाठीच नाव घातलंय. शनिवारी सौनात बसल्यावर मला पोहायची नवी टोपी घालून दाखवत होती. त्या वाफेत माझा जीव घाबरा झाला.

म्हणून आज दुपारी तलावाच्या इंजिनिअरला सगळं सांगून आले. माझं नाव दिलं. पाणी कोणी घातलं, असं त्याने विचारलं, तेव्हा म्हटलं, तो स्वतः येऊन सांगेल. उद्या सकाळी आठला खांबाला भोक पाडून नमुना काढणार आहेत. मालाच्या पावतीवर तुझ्या गाडीचा नंबर आहेच, कोणी शोधत येण्याआधी तू ये. मी खांबापाशी उभी असेन. या खेपेला मान फिरवणार नाही.

कितीही चिडलास तरी तुझीच थोरली,
मार्लिस