मोजपट्टी म्हणून नोंदलेल्या माणसास घरी सोडणेबाबत

प्रति,
मा. संचालक,
उत्खनन अभिलेख संग्रह.

विषय : फोटोत माप म्हणून उभ्या केलेल्या माणसास वस्तू-नोंदवहीतून कमी करणेबाबत.
संदर्भ : माप आखूड झाल्याचा खुलासा मागणारे आपले पत्र.

महोदय,

१. अर्जदार आपल्या कार्यालयाचा अभिलेखपाल असून चौतीस वर्षे खोक्यांना चिठ्ठ्या लावणे, फोटोंमागे वर्णन लिहिणे व उंदरांशी भांडणे ही कामे इमानेइतबारे करीत आला आहे. पहिल्याच वर्षी उत्खननावर जाताना मोजपट्टी मुक्कामावरच विसरली. खड्ड्याची खोली कळावी म्हणून तेव्हाच्या साहेबांनी अर्जदारासच खड्ड्यात उभे करून फोटो काढला. मागे वर्णन आहे : ‘माप : माणूस, पाच फूट सहा इंच.’ अक्षर अर्जदाराचेच आहे. आपल्या हाताने आपल्या पायावर धोंडा, दुसरे काय!

२. गेल्या वर्षी फोटोतली प्रत्येक वस्तू कोठारात आहे का, हे ताडून पाहण्याचा आदेश निघाला. मडकी सापडली, मणी सापडले, माप सापडेना. नव्या सूचीकार बाईंनी कोठार पालथे घातले. त्यांचे हाल न पाहवून अर्जदार ‘तो मीच’ असे बोलून गेला. झाले! त्याच दुपारी मनगटाला चिठ्ठी बांधली गेली : खोके २१४, वस्तू ९. खोक्यात मावत नाही म्हणून शेजारी स्टूल दिलेत, याबद्दल आभार.

३. फेरमोजणीत अर्जदार पाच फूट साडेचार इंच भरला. साहेब, उतारवयात माणूस खचतो हो. दीड इंच कुठे गेला, हे अर्जदारास खरोखर ठाऊक नाही. मात्र त्यामुळे खड्डाही उथळ ठरला असून, त्या खड्ड्यावर ग्रंथ लिहिलेले प्राध्यापक अर्जदाराशी बोलेनासे झाले आहेत.

४. अर्जदार येत्या महिनाअखेरीस निवृत्त होतो. आस्थापना शाखा म्हणते, जा. कोठार शाखा म्हणते, नोंदलेली वस्तू समितीच्या मंजुरीशिवाय फाटकाबाहेर जात नाही. समितीची बैठक अभिलेखपालाने, म्हणजे अर्जदारानेच, बोलवायची असते, आणि वस्तूला बैठक बोलावता येत नाही. सध्या बायको रोज संध्याकाळी ‘अभ्यासासाठी उसनी’ अशी सही करून अर्जदारास घरी नेते व सकाळी परत आणून देते. लग्नात एकदा केलेली सही पुरली नाही का, असे ती फाटकावरच्या पहारेकऱ्याला रोज विचारते. ही सवलत कर्मचाऱ्यांच्या कुटुंबीयांपुरतीच असल्याने निवृत्तीबरोबर तीही संपेल. म्हणजे निवृत्त झाल्यावरच अर्जदार कायमचा इथे अडकणार. अर्जदारास घरी जायचे आहे, एवढेच म्हणणे आहे.

५. नोंद कमी होतच नसेल, तर त्याच फोटोत खड्ड्याच्या काठावर पाहावे. तिथे ‘अनोळखी स्त्री, चाळणीसह’ अशी नोंद आहे. तेव्हा ती खरेच अनोळखी होती. माती चाळता चाळता ओळख झाली, आणि ती आता बायको म्हणून अर्जदाराच्या घरी असते. एकत्र सापडलेल्या वस्तू वेगळ्या ठेवू नयेत, हा आपल्याच संग्रहाचा नियम आहे. तरी एकतर अर्जदारास तिच्याकडे पाठवावे, नाहीतर खोके २१४ शेजारी दुसरे स्टूल द्यावे. हे तिला सांगितले तेव्हा ती आधी भडकली, अर्जदाराची अक्कल काढली. मग उठली आणि माळ्यावर चाळणी शोधू लागली.

आपला नम्र, व अजून फाटकाच्या आतला,
(सही)
अभिलेखपाल तथा वस्तू ९

दिनांक : महिनाअखेरीस नऊ दिवस बाकी.

सोबत : १. फोटोची प्रत.
२. उसनवारीचे पास, आजपावेतो.
३. चाळणी, एक. (घरात लागते, कृपया नंबर घालू नये.)